बाबूराव कोणाचा, चिमणराव कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात बर्डीवर तर्री-पोहे खाताना एका मैत्रिणीने तिचा मोबाईल माझ्यासमोर सरकवला. स्क्रीनवर एका ऑडिओ मालिकेचा नवा भाग होता. त्यातली नायिका तिची. नायिकेचं नाव तिने ठेवलेलं. तिची बडबडी आजी, सुरू न होणारी स्कूटी, राग आला की एकेक शब्द मोजून बोलायची सवय, सगळं हिच्याच डोक्यातून आलेलं. लेखक म्हणून नाव मात्र दुसऱ्याचं. दोन वर्षं जवळजवळ रोज एक भाग लिहून ती मालिकेतून बाहेर पडली, आणि नायिका तिच्याशिवाय पुढे चालू लागली.

‘काऊन रे,’ ती म्हणाली, ‘नाव का कोणाच्या मालकीचं असते का?’

मी वकील नाही. जुनी पुस्तकं आणि जुने खटले वाचायची खोड मात्र आहे. त्यामुळे ‘बघून सांगतो’ म्हणालो, आणि मग बघतच राहिलो. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं लांबलचक उत्तर. तिच्या नायिकेचं नाव यात कुठेही येणार नाही. ते का, हे शेवटी सांगतो.

पंचवीस कोटींचा बाबूराव

सुरुवात ज्याचे मीम तुमच्या फोनमध्ये नक्की असतील अशा माणसापासून करू. सप्टेंबर २०२५मध्ये ‘हेरा फेरी’चे निर्माते फिरोज नाडियादवाला यांनी कपिल शर्माच्या नेटफ्लिक्सवरच्या कार्यक्रमाबद्दल २५ कोटी रुपयांची नोटीस पाठवली. कार्यक्रमात किकू शारदाने बाबूराव गणपतराव आपटे उभा केला होता, आणि तो आमच्या परवानगीशिवाय केला, असं नोटिशीचं म्हणणं होतं. त्यात कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या दोन्हींचा आधार घेतला होता.

आता हा बाबूराव कुठून आला ते बघा. नाव अस्सल मराठी. चित्रपट हिंदी, २००० सालचा. अभिनेता परेश रावल, म्हणजे गुजराती. दिग्दर्शक प्रियदर्शन, म्हणजे मल्याळी. आणि मूळ माणूस मन्नार मथाई, ‘रामजी राव स्पीकिंग’ या १९८९च्या मल्याळम चित्रपटातला, बंद पडलेल्या नाटक कंपनीचा मालक. नाटक कंपनीच्या जागी गॅरेज आलं, मथाईच्या जागी आपटे आला, आणि जाड भिंगांचा चष्मा, धोतर, बनियन एवढ्या सामानावर एक माणूस उभा राहिला. आज तो इतका ओळखीचा आहे की चेहरा न दाखवता नुसता चष्मा दाखवला तरी कळतं.

यातलं नेमकं काय कोणाच्या मालकीचं? नाव, चष्मा, बोलण्याची ढब, की हे सगळं एकत्र? कायद्याच्या इतिहासात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं मिळतात, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. म्हणून एकेक घेऊ.

नुसतं नाव

भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे. तो संरक्षण देतो ‘कृती’ला : कथा, नाटक, गाणं, चित्र, चित्रपट. एकदोन शब्दांचं नाव म्हणजे कृती नव्हे, ही भूमिका न्यायालयं जुन्या काळापासून घेत आली आहेत. आपल्याकडे यावर सर्वोच्च न्यायालयाचा ठळक निकाल आला तो २०१५मध्ये, आणि त्यात एक मराठी लेखक होता आणि एक नागपूरकर न्यायाधीशही.

श्याम देवकत्ता यांनी २००८मध्ये ‘देसी बॉइज’ नावाची एक कथा लिहिली आणि चित्रपट लेखकांच्या संघटनेकडे तिची नोंद केली. २०११मध्ये अक्षयकुमार आणि जॉन अब्राहम यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. देवकत्तांनी फौजदारी तक्रार केली. प्रकरण वर सरकत सरकत दिल्लीला पोचलं तेव्हा वाद उरला होता फक्त शीर्षकाचा. निकाल लिहिला न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी. ते मूळचे नागपूरचे, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. त्यांनी म्हटलं ते थोडक्यात असं : शीर्षक ही स्वतंत्र कृती नाही. ‘देसी’ हा रोजचा शब्द, ‘बॉइज’ हा रोजचा शब्द. ते शेजारी शेजारी ठेवले म्हणून कोणाची मालकी तयार होत नाही. तक्रार रद्द झाली.

ऑक्टोबर २०२५मध्ये हाच धागा मराठी चित्रपटात पुन्हा दिसला. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ या २००९च्या चित्रपटाचे हक्क असलेली कंपनी महेश मांजरेकरांच्या ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने प्रदर्शन थांबवायला नकार दिला. ते नाव कुठल्या एका कंपनीच्या कपाटात बंद राहील, अशी कल्पना महाराष्ट्रात कोणाला तरी करता येईल का?

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर : नुसतं नाव कोणाचंच नसतं. उद्या तुम्ही तुमच्या नायकाचं नाव बाबूराव ठेवलंत तर तुमच्याकडे कोणी २५ कोटी मागणार नाही. महाराष्ट्रात निम्म्या गावांत एक तरी बाबूराव सापडेल.

नावामागचा माणूस

पण नाव बाबूराव, आडनाव आपटे, चष्मा जाड, घरात दोन बेकार भाडेकरू आणि रोज चुकून येणारे फोन, असं सगळं घेतलंत तर? तेव्हा तुम्ही नाव नाही, माणूस उचललेला असतो.

हा फरक पहिल्यांदा नीट मांडला गेला तो अमेरिकेत, १९३० साली. ज्यू आणि आयरिश कुटुंबांतल्या प्रेमविवाहाचं एक नाटक आणि त्यासारखाच एक चित्रपट यांच्यातल्या भांडणात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी सांगितलं की पात्र जितकं कच्चं, तितकं त्याचं संरक्षण कमी. ‘कंजूष बाप’, ‘भांडकुदळ शेजारी’ हे साचे सगळ्यांचे आहेत. साच्यातून कोरून काढलेला एकच एक माणूस लेखकाचा.

आपल्याकडे याचं सर्वांत रंगीत उदाहरण आमच्या पिढीने सुट्टीत वाचलेलं आहे. नागराज. राज कॉमिक्सचा हिरव्या खवल्यांचा, सापांना हुकूम सोडणारा नायक. १९८०च्या दशकात तो आला, आणि त्याची सुरुवातीची चित्रं काढली होती पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, अमर चित्रकथेतूनही घराघरांत पोचलेल्या चित्रकाराने. बर्डीच्या फुटपाथवर जुनी कॉमिक्स मांडलेली असायची. नाग नदीच्या गावात नागराजला गिऱ्हाईक मिळणं अवघड नव्हतं.

मग दुसऱ्या एका प्रकाशनाने आणला ‘नागेश’. तोही हिरवा, तोही सापांचा स्वामी. प्रकरण १९९०च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नागराज आणि नागेश या शब्दांचा अर्थ जवळपास एकच, दिसणं सारखं, ताकद सारखी. कॉमिक्स घेणारं दहा वर्षांचं पोर फसेल की नाही, हा साधा प्रश्न होता. न्यायालयाने नागेशला रोखलं. इथे नाव एकटं जिंकलं नाही. रंग, पोशाख आणि शक्ती बरोबर होत्या म्हणून जिंकलं.

लिहिलेल्या पात्राचं काय? २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चुलबुल पांडेचा खटला आला. ‘दबंग’चा तेलुगू रिमेक २०१२मध्ये झाला होता, आणि गंमत म्हणजे त्यात नायकाचं नाव ठेवलं होतं गब्बर सिंग. पुढे ‘सरदार गब्बर सिंग’ आला तेव्हा ‘दबंग’वाले न्यायालयात गेले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तत्त्व मान्य केलं की वेगळेपणाने घडवलेल्या पात्राला कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं. तातडीचा दिलासा मात्र दिला नाही. म्हणजे चुलबुल पांडेचा विजय तत्त्वात झाला, तिकीटबारीवर नाही.

बाजारातलं नाव

तिसरी गोष्ट ट्रेडमार्क. इथे नियम उलटे होतात. कॉपीराइटला नावाशी देणंघेणं नाही, पण ट्रेडमार्कला नावच हवं असतं. फक्त प्रश्न वेगळा असतो : हे नाव ऐकल्यावर गिऱ्हाइकाला एकच घर आठवतं का?

‘शोले’चा गब्बर घ्या. चंबळमध्ये त्या नावाचा खरा डाकू होऊन गेला, म्हणजे नाव सलीम-जावेद यांनीही शून्यातून काढलेलं नव्हतं. पण १९७५नंतर गब्बर म्हटलं की अमजद खानच. पुढे राम गोपाल वर्मांनी ‘राम गोपाल वर्मा के शोले’ जाहीर केला. वादानंतर २००७मध्ये तो नुसता ‘आग’ म्हणून आला. तरी खटला चालला, आणि २०१५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘शोले’च्या हक्कदारांना १० लाख रुपयांची भरपाई देवविली. शीर्षक, कथा, पात्रं, प्रसंग अशी सगळी मोळी बांधून उचलली, असा ठपका होता.

उलट बाजूही आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मालिका घरोघरी चालू असताना टाइड पावडरची एक जाहिरात तिच्या शीर्षकाची आणि वातावरणाची खेळकर नक्कल करून आली. वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २००२मध्ये हरली. पात्राच्या नावावर वस्तू विकण्याचा हक्क सांगायचा, तर ते पात्र मालिकेच्या बाहेरही स्वतंत्रपणे ओळखलं जायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

ट्रेडमार्कची एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. तो बाजारात व्यापार करणाऱ्याला मिळतो. नाव सुचलेल्या माणसाला तो आपोआप मिळत नाही. आणि वेळच्या वेळी नूतनीकरण केलं तर तो कधीच संपत नाही.

ज्याने सही केली तो

इथपर्यंत वाचून मैत्रीण म्हणाली असती, ‘मग माझी नायिका तर माझीच. आजी, स्कूटी, राग, सगळं कोरून काढलेलं आहे.’ बरोबर. आणि म्हणूनच तिच्या हातून ती गेली. नुसतं नाव असतं तर घ्यायला काहीच नव्हतं.

केरळात टॉम्स नावाचे व्यंगचित्रकार होते. व्ही. टी. थॉमस त्यांचं खरं नाव. शेजारच्या दोन खोडकर मुलांवरून त्यांनी ‘बोबन आणि मॉली’ ही जोडी काढली. ही चित्रं घेऊनच ते मलयाळ मनोरमामध्ये नोकरीला लागले. अनेक वर्षं ती पट्टी घराघरांत वाचली गेली. १९८७मध्ये त्यांनी नोकरी सोडली, तर मनोरमाने दुसऱ्या चित्रकाराकडून बोबन-मॉली चालू ठेवले आणि टॉम्सना दुसरीकडे ती काढायला मनाई मागितली. उच्च न्यायालयाने मधली वाट काढली. नोकरीत असताना काढलेल्या पट्ट्या वृत्तपत्राच्या. पण ती मुलं नोकरीच्या आधी जन्मली, म्हणून नव्या पट्ट्या काढायला टॉम्स मोकळे.

निकाल फिरला तो एका तारखेवर : पात्र आधी, नोकरी नंतर.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या डॅशिएल हॅमेटची. ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीचे चित्रपटासकट बरेच हक्क त्याने वॉर्नर ब्रदर्सला विकले. पण तिच्यातला गुप्तहेर सॅम स्पेड त्याने पुढच्या कथांत वापरला, रेडिओवरही तो आला. वॉर्नर न्यायालयात गेले. १९५४मध्ये न्यायालयाने सांगितलं की करारात कादंबरी विकल्याचं लिहिलं आहे, माणूस विकल्याचं नाही. स्पेड हॅमेटकडे राहिला.

आजच्या करारांत ही फट शिल्लक नसते. मैत्रिणीचा करार मी तिच्या फोनवर वाचला. ‘पात्रं, पात्रांची नावं, स्वभाववैशिष्ट्यं, कायमस्वरूपी, जगभर, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत’. तिने तो तेविसाव्या वर्षी, बसमध्ये, अंगठ्याने स्क्रोल करत वाचला आणि ‘सहमत’वर टिचकी मारली.

टीव्हीवर आपण हे उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१३मध्ये सुनील ग्रोव्हर कपिलचा कार्यक्रम सोडून गेला तेव्हा वाहिनीने गुत्थी या पात्रावर हक्क सांगणारी जाहीर सूचना काढली. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या वाहिनीवर आला तो ‘चुटकी’ होऊन. वेणी तीच, माणूस तोच, नाव बदललेलं.

कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूने अगदीच गप्प नाही. हक्क दिले जातात ते लेखी करारानेच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं कायदा मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. हक्क विकले तरी लेखक म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा आणि कृतीची विटंबना थांबवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’ कादंबरीवरच्या चित्रपटाबाबत दिल्लीत याच कलमावर लढा दिला होता. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक केलं : ध्वनिमुद्रणात वापरलेल्या लेखनाच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा त्याला करारानेही कंपनीला सोडून देता येत नाही. तुम्ही ऑडिओसाठी लिहीत असाल तर हे वाक्य दोनदा वाचा.

चिमणराव सुटला

आता मराठीतल्या जुन्या मंडळींकडे वळू, कारण त्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त लागून राहिली आहे.

आपलं लोकप्रिय साहित्य उसनवारीवर वाढलं, हे मान्य करायला हरकत नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड इंग्रजीतल्या ‘ब्लॅकशर्ट’वरून आला. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ‘चार्लीज आंट’वरून आली. पण नावं बदलली तशी माणसंही बदलली. चार्लीचा मोरू होताना नाटकाची हवा, पाणी, शिव्या सगळं मराठी झालं. मथाईचा आपटे झाला तसंच.

चिंतामण विनायक जोशी मात्र उसने नव्हते. बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या या विद्वानाने १९३०च्या दशकात किडकिडीत, भित्रा, सालस चिमणराव आणि त्याचा धिप्पाड गुंड्याभाऊ जन्माला घातले. १९४२च्या ‘सरकारी पाहुणे’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती जोडी पडद्यावर आणली. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तिला चेहरे दिले. ते इतके पक्के की आमच्या आईवडिलांना चिमणराव म्हटलं की प्रभावळकरच दिसतात.

चिं. वि. जोशी १९६३मध्ये गेले. आपल्याकडे साहित्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपायला आला तेव्हा, १९९२च्या दुरुस्तीने, ती दहा वर्षांनी वाढवली. नाहीतर चिमणराव २०१४च्या सुरुवातीलाच सुटला असता. तो सुटला १ जानेवारी २०२४ रोजी.

ही तारीख तुम्हाला दुसऱ्या कारणासाठी आठवत असेल. त्याच दिवशी अमेरिकेत १९२८च्या ‘स्टीमबोट विली’मधला मिकी माऊस मुक्त झाला. जगभर बातम्या झाल्या. त्याच दिवशी मिकीवरच्या एका भयपटाची झलकही आली. डिस्नेने आठवण करून दिली की नंतरचा मिकी आणि ट्रेडमार्क अजून आमचाच आहे.

चिमणरावाबद्दल कोणी काही बोललेलं मला तरी दिसलं नाही. जोशींच्या हयातीत छापलेल्या कथा आता कोणीही छापू शकतो, ऑडिओ करू शकतो, कॉमिक काढू शकतो, चिमणरावाला ओला-उबरमध्ये बसवू शकतो. दूरदर्शनची मालिका वेगळी. ती स्वतंत्र कृती आहे. पण पुस्तकातला माणूस मोकळा आहे. अत्र्यांचा मोरू १ जानेवारी २०३० रोजी सुटेल. पुलंचा अंतू बर्वा २०६१ उजाडल्यावर. आपल्याकडे कॅलेंडरवर अशा तारखांची खूण करायची पद्धत नाही. करायला हवी. कारण मालकीचा हा सगळा खटाटोप शेवटी एका अटीवर उभा आहे : काही काळ पात्र घडवणाऱ्याचं, आणि मग सगळ्यांचं.

मैत्रिणीच्या करारातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्या अटीच्या दोन्ही बाजूंना धक्का देतो. घडवणाऱ्याचा काळ त्याने सहीच्या क्षणीच संपवला. सगळ्यांचा काळ येईल तेव्हा ती या जगात असणार नाही.

मी तिला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे तू तुझ्या गोष्टीत माझ्या हिरोईनचं नाव वापरू शकते?’

‘नुसतं नाव? हो.’

‘तो चहावाला वापरू शकते?’

‘हो.’

‘आणि मी?’

करारात वेगळं कलम होतं. हे नाव, किंवा त्याच्याशी साम्य असलेलं नाव, लेखिका अन्यत्र वापरणार नाही. जगात कोणालाही मुलीचं, दुकानाचं, नायिकेचं ते नाव ठेवता येईल. नाही येणार ते फक्त एकीला, जिने ते आपल्या पणजीच्या नावावरून ठेवलं होतं.

म्हणून ते नाव इथे नाही. मला लिहिता आलं असतं. तिनेच नको म्हटलं. सध्या ती नवी गोष्ट लिहितेय. पहिल्या मसुद्याची फाईल तिने तारखेसकट स्वतःलाच ईमेल करून ठेवली आहे. नायिकेला अजून नाव दिलेलं नाही. करार आधी वाचणार आहे.